रायडरचा टीम लीडर झालात? रोजच्या आकड्यांचं काय करायचं ते सांगतो

मी नागपुरात चार वर्षं पार्सलं वाटली. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, पुढे पिपळ्यापर्यंत. मग एका सोमवारी मॅनेजरने बोलावून सांगितलं, उद्यापासून अकरा रायडर तुझ्याकडे. पगारात फार फरक पडला नाही, पण रोज रात्री साडेनऊला एक मेल यायला लागला. कोणी किती पार्सलं नेली, किती दिली, किती परत आणली. त्याखाली वरून एकच ओळ: 'टक्का वाढवा.' कसा, ते कोणी सांगितलं नाही.

मी माझ्या अकलेने फळ्यावर अकरा नावं उतरत्या क्रमाने लिहिली. वरच्या तिघांपुढे चांदणी, खालच्या तिघांपुढे लाल फुली. पंधरा दिवसांत टक्का वाढला, मी खूश. महिनाभरात ग्राहकांचे फोन सुरू झाले: आम्ही घरीच होतो, कोणी आलंच नाही. तपासलं तेव्हा कळलं, अवघड पत्त्याच्या पार्सलवर पोरं 'ग्राहकाने दुसरी तारीख मागितली' असा रिमार्क टाकत होती. तसा रिमार्क पडला की ते पार्सल त्या दिवसाच्या हिशेबातूनच बाहेर. टक्का वाढला तो असा. आणि आमचे सगळ्यात जुने रायडर, ज्यांना सगळेच काका म्हणतात, ते सकाळी फळ्याकडे पाठ करून उभे राहायला लागले होते.

तुम्ही नवे असाल तर हे टाळता यावं म्हणून लिहितोय. माझं उदाहरण पार्सल हबचं, म्हणजे जिथून पार्सलं वाटपाला निघतात त्या ठिकाणाचं आहे, पण पॅकिंग लाइन, सर्व्हिस सेंटर, कॉल सेंटर, कुठेही दहा-पंधरा माणसं आणि रोजचे आकडे असतील तर यातलं बरंच लागू पडेल.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- मागच्या किमान दोन आठवड्यांच्या रनशीट, म्हणजे प्रत्येक रायडरने त्या दिवशी नेलेल्या पार्सलांच्या याद्या (छापील नसतील तर अ‍ॅपमधून काढा)
- परत आलेल्या पार्सलांचा रिपोर्ट, कारणांसकट
- हजेरी रजिस्टर आणि रोजच्या कॅशचा ताळा
- एक मोठी वही, आलेखाचा कागद, साधा कॅल्क्युलेटर
- पांढरा फळा, त्यावर नावं न लिहिण्याची तयारी
- तुमच्या भागाचा नकाशा. मी मोठ्या कागदावर हाताने काढला होता, तोच अजून चालतो.

संगणकावर डॅशबोर्ड असेल तर उत्तम, पण पहिला महिना हाताने लिहा. हाताने लिहिताना ७९ आणि ९७ मधला फरक बोटांना जाणवतो, स्क्रीनवर नुसता रंग बदलतो.

## १. पहिला आठवडा नुसतं बघा

काही बदलू नका, कोणाला बोलू नका. वाडीच्या मोठ्या गोदामातून पहाटे गाडी किती वाजता येते, सॉर्टिंगला किती वेळ जातो, रायडर खरंच किती वाजता बाहेर पडतो, एवढंच लिहा. आमच्याकडे गाडी पाऊण तास उशिरा आली की संध्याकाळचा टक्का पडायचा, आणि ओरडा खायचा रायडर. हे मला आठव्या दिवशी दिसलं. त्याआधीची चार वर्षं मी स्वतःच तो ओरडा खाल्ला होता, तरी दिसलं नव्हतं.

## २. चारच आकडे निवडा आणि त्यांची व्याख्या लिहून काढा

आमच्याकडे सध्या हे चार आहेत: पहिल्याच फेरीत दिलेल्या पार्सलांचा टक्का, हबमध्ये दोन दिवसांहून जास्त पडून राहिलेली पार्सलं, कॅशमधला फरक, आणि रायडर हबमधून बाहेर पडण्याची वेळ. शेवटचा आकडा रायडरचा नाही, माझा आहे. मी वेळेत सॉर्टिंग संपवलं का, हे त्यातून कळतं. तुमच्या चारांपैकी एक तरी आकडा तुमच्या स्वतःच्या कामाचा असू द्या. टीमला ते लगेच लक्षात येतं.

व्याख्येवर मात्र वेळ घालवा, कारण भांडणं इथेच होतात. समजा एका रायडरने ६० पार्सलं नेली. त्यातली ४८ आजची नवी, १२ आधी परत आलेली. नव्यातली ४२ दिली, जुन्यातली ६. एकूण बघितलं तर ६० पैकी ४८, म्हणजे ८० टक्के. फक्त पहिल्या फेरीचं बघितलं तर ४८ पैकी ४२, म्हणजे साडेसत्त्याऐंशी. सकाळी हबला आलेल्या सगळ्या मालाने भागलं तर तिसराच आकडा. माणूस तोच, दिवस तोच, घामही तेवढाच. जुनी पार्सलं ज्याच्या गळ्यात जास्त पडतात तो पहिल्या पद्धतीत कायम मागे दिसणार. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: कशाला कशाने भागायचं, कोणती पार्सलं धरायची, कोणता रिमार्क वगळायचा. ते पान टीमला वाचून दाखवा. मधेच व्याख्या बदलली तर तारीख घालून नोंद करा, नाहीतर दोन महिन्यांनी मागचं-पुढचं जुळवता येत नाही.

आणखी एक गफलत टक्क्यांच्या सरासरीची. एकाने २० पैकी १८ दिली, ९० टक्के. दुसऱ्याने ७० पैकी ५६, ८० टक्के. दोघांची सरासरी ८५ लिहून मोकळे होऊ नका. दोघांनी मिळून ९० पैकी ७४ दिली, म्हणजे ८२ च्या थोडं वर. आधी पार्सलं मिळवायची, मग भागायचं.

## ३. एका दिवसाच्या आकड्यावर उड्या मारू नका

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण दहावी पास माणसाला जमतो. मला जमला.

समजा हबचा दहा दिवसांचा पहिल्या फेरीचा टक्का असा आहे: ८४, ८१, ८६, ८३, ७९, ८५, ८२, ८४, ८०, ८६. पाचव्या दिवशी ७९ झाला, वरून फोन आला, 'काय झालं?' आता हे करा:

दहाही आकड्यांची सरासरी काढा. ८३ येते. मग लागोपाठच्या दोन दिवसांमधला फरक काढा, वजा-अधिक चिन्ह न बघता: ३, ५, ३, ४, ६, ३, २, ४, ६. बेरीज ३६, फरक नऊ, सरासरी ४. या ४ ला २.६६ ने गुणा, १०.६४ येतात. हे सरासरीत मिळवले की वरची रेषा साधारण ९३.६, वजा केले की खालची ७२.४. या दोन रेषांच्या आत जे काही हलतंय ते रोजचं हलणं आहे. कोणी घरी नव्हतं, कोणाची गाडी पंक्चर, कुठे लिफ्ट बंद. ७९ ला वेगळं कारण शोधत बसलात तर काहीतरी सापडेलच, पण ते बहुतेक खोटं असेल.

रेषेबाहेर आकडा गेला तर मात्र उठा आणि शोधा. किंवा लागोपाठ आठ दिवस आकडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तरी काहीतरी बदललंय असं धरा. ही युक्ती माझी नाही. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत काम करताना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये असा तक्ता पहिल्यांदा मांडला, पुढे कारखान्यांमध्ये तो सर्रास वापरला गेला. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात कोणी ओळखीचं असेल तर विचारा, ते चहा पिता पिता समजावतील.

आम्ही हा आलेख हबच्या एकूण आकड्याचा काढतो. एकेका रायडरचा काढला तर तो माझ्या वहीत राहतो, भिंतीवर जात नाही.

## ४. कालच्या आकड्यातून उद्याची वाटणी करा

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि बहुतेक टीम लीडर इथेच आळस करतात. आकडे फक्त माणूस मोजायला वापरतात, कामाची वाटणी जुनीच ठेवतात.

आमच्याकडे प्रत्येक रायडरला सरसकट ६० पार्सलं द्यायची पद्धत होती. समान वाटणी, कोणाची कुरकुर नको. वहीत दोन आठवडे तासागणिक लिहिल्यावर दिसलं की मनीषनगरकडच्या फ्लॅट स्कीममध्ये एका तासात पंधरा-सोळा पार्सलं जातात. एक गेट, एक वॉचमन, चार मजले. हुडकेश्वरच्या पुढच्या नव्या ले-आउटमध्ये तासाला नऊ-दहाच. तिथे घरं विरळ, अर्ध्या प्लॉटांवर गवत, पाटी नाही. हातात खरं वाटपाचं काम पाच तासांचं धरलं तर एकाला पंचाहत्तर झेपतात, दुसऱ्याला पन्नासही जड. आम्ही दोघांनाही साठ देत होतो. पहिला तीन वाजता पानठेल्यावर दिसायचा, दुसरा रात्री आठला दहा-बारा पार्सलं परत आणायचा आणि फळ्यावर लाल फुली घ्यायचा.

म्हणून बीटनिहाय (बीट म्हणजे एका रायडरला वाटून दिलेला भाग) एक पान करा:

अ) त्या बीटवर तासाला साधारण किती जातात. सरासरीपेक्षा मधला आकडा घ्या. दहा दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लिहून मधले दोन बघा. एखाद्या विचित्र दिवसाने तो बिघडत नाही.

आ) वारानुसार फरक. आमच्याकडे सोमवारी रविवारचा साठलेला माल येतो.

इ) कोणत्या वेळी लोक घरी सापडतात.

ई) त्या भागाचं पंचांग. हे नागपुरात फार महत्त्वाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा महाल-इतवारीकडे दुपारपर्यंत गाडी घालायची नाही, तिकडचा माल आदल्या दिवशी संपवायचा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगरकडचे रस्ते वळवलेले असतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मोर्चांमुळे सीताबर्डी, टेकडी रोड अडतो. आमचा तिकडे बीट नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी मोर्चाच्या बातम्या सकाळी वाचूनच रूट लावावा.

आणि उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी एक ते चार रायडरला रस्त्यावर ठेवून टक्का मागणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. आम्ही मे महिन्यात दोन पाळ्या करतो: सकाळी साडेसहाला बाहेर, साडेअकराला आत, पुन्हा संध्याकाळी पाच ते साडेआठ. यासाठी सॉर्टिंगवाल्यांना पहाटे चारला यावं लागतं, म्हणून त्यांची सुट्टी फिरवून द्यावी लागते. संध्याकाळच्या पाळीत लोक घरी जास्त सापडतात, हे आम्हाला आकड्यांतूनच कळलं. वर कार्यालयात परवानगी मागायला गेलो तेव्हा तेच दाखवलं. उन्हाची गोष्ट ऐकायला तिथे कोणाला वेळ नव्हता, टक्क्याची ऐकली.

## ५. सकाळची दहा मिनिटं

गाड्या भरून झाल्या की फळ्यापाशी उभं राहायचं. उभंच, खुर्च्या आणल्या की अर्धा तास जातो. क्रम असा: हबचा कालचा आकडा, आज माल किती, कोणत्या बीटवर जास्त, कोण सुट्टीवर, रस्ता कुठे बंद. मग एकच प्रश्न: काल कोणाला कुठे अडलं? उत्तर आलं तर ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहा, पुढे कोण बघणार त्याचं नाव लिहा. त्या कोपऱ्यात माझंच नाव सगळ्यात जास्त वेळा असतं, आणि असायलाच हवं. स्कॅनर चालत नाही, पावसाळी कव्हरं संपली, अमुक स्कीमचा वॉचमन आत सोडत नाही, ही कामं रायडरची नाहीत.

इथे कोणाचा वैयक्तिक आकडा काढायचा नाही. चांगला असला तरी. मी एकदा एका पोराची सगळ्यांसमोर स्तुती केली तर दिवसभर बाकीचे त्याला 'साहेब, साहेब' म्हणून छळत होते.

## ६. शिकवायचं असेल तर मागे बसून एक फेरी करा

आमच्या एका रायडरचा बेसा-पिपळा बीटवर पहिल्या फेरीचा टक्का कित्येक आठवडे ६८-७० च्या पुढे जात नव्हता. मी झापलं की दुसऱ्या दिवशी ७६-७७ व्हायचा. मला वाटायचं, झापणं लागू पडतंय. दोन दिवसांनी पुन्हा ६९.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा सांगितलाय तो अगदी असाच. वाईट उड्डाणानंतर ओरडलं की पुढचं सुधारतं आणि चांगल्यानंतर शाबासकी दिली की बिघडतं, असा त्या प्रशिक्षकांचा ठाम अनुभव होता. काहनेमन यांनी दाखवलं की ओरडलं नसतं तरी तेच झालं असतं. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा नेहमीसारखा असतो, फार चांगल्यानंतरचाही तसाच. म्हणजे मी झापायचो नेमका त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी, आणि दुसऱ्या दिवसाच्या सुधारणेचं श्रेय स्वतःकडे घ्यायचो.

शेवटी एक दिवस त्याच्या गाडीवर मागे बसून गेलो. तो म्हणाला, "दादा, मी तर पूर्ण जीव लावून करून राहिलो. लोकंच घरी राहत नाही, मी काय करू?" दुपारपर्यंत कळलं की तो खरं बोलत होता. हबजवळचा भाग आधी संपवून तो बेशाला पोचायचा अकराला. तिथे नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, घराला कुलूप. शिवाय एकाच नावाचे दोन ले-आउट. दोन्हीकडे प्लॉट नंबर ४२, आणि नंबर ओळीने नाहीत. विचारत विचारत एका पत्त्याला दहा मिनिटं.

आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. रूट उलटा केला, लांबचं आधी, साडेनऊच्या आत. आणि काकांना त्याच्यासोबत दोन दिवस पाठवलं. काकांच्या डोक्यात त्या भागातली प्रत्येक पाण्याची टाकी, प्रत्येक किराणा दुकान आहे. पोराने खिशातल्या डायरीत खुणा लिहून घेतल्या. तीन आठवड्यांनी त्याचे आकडे ऐंशीच्या आसपास फिरायला लागले आणि तिथेच राहिले.

काकांचंही सांगायला हवं. अ‍ॅपप्रमाणे त्यांचं काम सगळ्यात ढिसाळ दिसायचं, दुपारभर शून्य आणि सात वाजता एकदम पन्नास पार्सलं. वाटायचे नीटच, पण फोन काढायचा कंटाळा म्हणून सगळी नोंद शेवटी पानठेल्यावर बसून करायचे. एका पोराने त्यांना दारातच स्कॅन करायची सवय लावली. अ‍ॅपमधली वेळ म्हणजे नोंदीची वेळ, कामाची नव्हे, हे तेव्हापासून मी विसरत नाही.

समोरासमोर बसायचं तेव्हा आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, शक्यतो हबच्या बाहेर. वही उघडी ठेवा, दोघांनाही दिसेल अशी. मी साधारण हे विचारतो: या आकड्यांत तुला काय दिसतं? कोणता दिवस चांगला गेला, त्या दिवशी वेगळं काय होतं? मी काय बदलू? मग पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवायचा आणि तारखेसकट लिहायचा. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. वयाने मोठ्या माणसाला 'तुमचा आकडा कमी आहे' असं सुरुवातीलाच म्हणू नका. 'काका, या बीटला काय त्रास आहे, जरा सांगा ना' म्हटलं की ते अर्धा तास बोलतात, आणि त्यात तुमची तीन उत्तरं असतात.

## ७. खड्डे, जे मी स्वतः पडून बघितलेत

आकड्याला पैसे बांधणं. बोनस लावला की आकडा खरं बोलायचं सोडतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनाच्या धोरणाबद्दल हेच म्हटलं होतं: ज्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब येतो, तो पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. वरून बोनस ठरूनच आला असेल तर तुम्ही तो थांबवू शकणार नाही, पण रोज पाच 'तारीख मागितली' रिमार्कवर ग्राहकाला स्वतः फोन करा. पकडायला म्हणून करू नका. आम्ही करायला लागल्यावर तो रिमार्क आपोआप कमी झाला.

मिनिटं मोजणं. एका पार्सलला किती मिनिटं, हा आकडा मी मुद्दाम ठेवत नाही. तो ठेवला की रिंग रोडवर उलट्या बाजूने गाड्या पळतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री यादी टाकणं. टाकू नका. एवढंच.

आकडे वाढवत जाणं. दर महिन्याला कोणीतरी नवा रकाना सुचवतं. आमचा नियम आहे, नवा आला की जुना एक जातो. ज्या आकड्यावरून मागच्या महिनाभरात एकही निर्णय घेतला नाही, तो आधी जातो.

## ८. तुम्ही सुट्टीवर गेल्यावर

पहिल्यांदा चार दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर फळा कोरा. आता दर आठवड्याला वेगळा रायडर फळा भरतो, मी फक्त बघतो. पहिल्या वेळी भागाकार चुकतात, चुकू द्या. व्याख्येचं पान वहीला आतून चिकटवून ठेवा, कॅल्क्युलेटर दोऱ्याने फळ्याला बांधा. आमचे दोन कॅल्क्युलेटर असेच गायब झालेत. या आठवड्यात फळा काकांकडे आहे आणि ते टक्के पूर्णांकातच लिहितात. दशांश चिन्हाला ते 'माशी बसली' म्हणतात.